सदर इसम, राहणार मौजे पूर्णा

ठाण्याहून कशेळीची खाडी ओलांडून अंजूरफाट्याकडे निघालेल्या मनुष्यास काल्हेर मागे पडल्यावर जे गाव लागते, आणि दुतर्फा उभ्या राहिलेल्या गोदामांच्या भिंतींमुळे जे लागल्याचे त्याच्या ध्यानात येण्यापूर्वीच संपून गेलेले असते, ते मौजे पूर्णा, तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे होय. 'मौजे' हा शब्द मी हौसेने योजलेला नाही. ज्या कागदांतून या गावाची वार्ता जगाला कळते, त्या कागदांत हे उपपद लावल्यावाचून त्याचे नाव येतच नाही. एके काळी येथे भात पिकत असे. पुढे मुंबईच्या जकातनाक्याबाहेर माल उतरवून ठेवण्याची सोय व्यापाऱ्यांना हवी झाली, भिवंडीभोवतालच्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत जकात नव्हती, आणि एवढ्या एका कारणाने भाताच्या खाचरांवर पत्र्याची छपरे चढली. १ जुलै २०१७ रोजी जकात गेली. गोदामे मात्र राहिली आणि वाढली. आता माल आला की त्याच्यामागून मालाची चोरी येते, चोरीमागून फौजदार येतो आणि फौजदारामागून वकील येतो; परंतु या सर्वांबरोबर गावात जी संपत्ती आली आणि जिची नोंद कोणत्याही सातबाऱ्यावर नाही, ती म्हणजे शब्दसंपत्ती.

गावचा मूळ रहिवासी बहुतांशी आगरी. त्याच्या बोलीत 'ड'चा 'र' होतो, 'ण'चा 'न' होतो, 'ळ'चा 'ल' होतो, आणि पुण्याकडील एखादा शुद्धलेखनप्रेमी पाहुणा आलाच तर त्याच्या चेहऱ्याचेही काहीतरी होते; परंतु 'अँटिसिपेटरी' हा सहा अक्षरांचा परकीय शब्द हाच रहिवासी एकाही अक्षरास धक्का न लावता उच्चारतो. चहाच्या टपरीवर सकाळी दोन गृहस्थांमध्ये चालणारा संवाद ऐकावा.

"दादूस, तुज्या पुतन्याचा काय झाला?"

"पयले पीसीआर दिला तीन दिस. मंग एमसीआर झाला. काल बेल झाली."

"चार्जशीट टाकली?"

"नाय अजून. आयओ बदली झाला ना."

या संवादातील दोघांपैकी कोणीही इंग्रजी शाळेची पायरी चढलेला नाही. कोर्टाची मात्र चढलेला आहे. शहाण्याने ती चढू नये असे आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवले आहे खरे, परंतु न चढणाऱ्याच्या ज्ञानात जी उणीव राहते तिची भरपाई कशी करावी हे त्यांनी सांगितलेले नाही. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी आणि एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी यांतील भेद मला स्वतःला पुष्कळ वर्षे वर्तमानपत्रे वाचूनही नीटसा उमगला नव्हता. पहिलीत प्रश्न विचारले जातात आणि दुसरीत केवळ डास असतात, हा भेद मला त्या टपरीवर एका टेंपोचालकाने समजावून दिला, आणि त्याच्या अधिकाराविषयी शंका घेण्याचे मला काही कारण दिसले नाही.

या विद्येचा उगम पोलीस ठाण्यातील त्या मेजापाशी आहे ज्याच्यामागे ठाणे अंमलदार बसतो. समजा, एखाद्याची मोटारसायकल रात्री दारातून नाहीशी झाली. तो येऊन म्हणतो, "साहेब, राती माजी गारी कोनी नेली." अंमलदार मान डोलावतो, संगणक पुढे ओढतो, आणि पुढील मजकूर अवतरतो: 'दिनांक अमुक रोजी रात्रौ २२.०० ते दिनांक तमुक रोजी सकाळी ०६.०० वाजण्याचे दरम्यान, मौजे पूर्णा, ता. भिवंडी, जि. ठाणे येथे, यातील फिर्यादी यांनी त्यांचे राहते घराचे समोरील मोकळ्या जागेत हँडल लॉक करून उभी करून ठेवलेली, काळे रंगाची, जुनी वापरती दुचाकी ही कोणीतरी अज्ञात चोरट्याने फिर्यादी यांचे संमतीशिवाय, मुद्दाम, लबाडीचे इराद्याने, स्वतःचे आर्थिक फायद्याकरिता चोरून नेली म्हणून माझी त्या अज्ञात इसमाविरुद्ध फिर्याद आहे.' आणि सरतेशेवटी: 'वरील जबाब माझे सांगणेप्रमाणे संगणकावर टंकलिखित केला असून तो मी वाचून पाहिला, तो बरोबर व खरा आहे.'

'माझे सांगणेप्रमाणे' या दोन शब्दांपाशी फिर्यादी क्षणभर थबकतो. आपण एवढे बोललो कधी, हे त्यास आठवत नाही. 'संमतीशिवाय' हा शब्द त्यास विशेष चमत्कारिक वाटतो, कारण चोराने मध्यरात्री दार ठोठावून संमती विचारली असती तर आपण ती दिली नसती हे अंमलदारास वेगळे सांगण्याची गरज पडावी, एवढा आपला लौकिक उदार नाही. तरीही तो सही करतो, आणि बाहेर येऊन वाट पाहत असलेल्या मेहुण्यास सांगतो की, अज्ञात इसमाने लबाडीच्या इराद्याने गारी नेली. भाषेचा संसर्ग इतक्या त्वरेने होतो.

वास्तविक त्या चमत्कारिक शब्दांचा कर्ता तो अंमलदार नव्हेच. कलकत्त्यास बसून लॉर्ड मेकॉले याने १८३७ साली ज्या दंडसंहितेचा मसुदा सादर केला, जी १८६० साली मंजूर होऊन १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली, तिच्यात चोरी कशास म्हणावे हे सांगितले आहे: वस्तू जंगम असली पाहिजे, दुसऱ्याच्या ताब्यातली असली पाहिजे, नेणाराचा हेतू लबाडीचा असला पाहिजे, ताबेदाराची संमती नसली पाहिजे, आणि वस्तू जागची हलली पाहिजे. यांतील एक जरी गोष्ट फिर्यादीत यायची राहिली तर आरोपीचा वकील तेवढ्याच छिद्रातून आरोपीला बाहेर काढील, या धास्तीने पिढ्यान्‌पिढ्यांचे अंमलदार तो पाठ घोकत आलेले आहेत. बोलतो पूर्णा गावचा मनुष्य आणि लिहून घेतला जातो मेकॉले. त्याच संहितेत दृष्टान्तादाखल 'ए' आणि 'झेड' नावाच्या दोन गृहस्थांचे चरित्र आलेले आहे. 'ए' हा झेडच्या जमिनीतले झाड तोडतो. खिशात खाऊ ठेवून झेडच्या कुत्र्याला आपल्यामागे येण्यास भुलवतो, आणि लबाडीच्या हेतूने भुलवलेला तो कुत्रा चालू लागला की त्याच क्षणी चोरी पूर्ण होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, ५११ कलमांची ३५८ झाली, काही जुने अपराध रद्द झाले. परंतु ए अद्याप सुधारलेला नाही, आणि एकशे साठांहून अधिक वर्षांच्या अनुभवानंतरही झेडने आपला कुत्रा बांधून ठेवलेला नाही.

गोदामांच्या गावात चोरी हा एकवचनी शब्द राहू शकत नाही. कापडाची एकच गाठ घ्या. ती गोदामातल्या नोकराने नेली तर कलम ३०६. मालवाहतुकीसाठी सोपवलेली असता चालकाने ठाण्याऐवजी भलत्याच दिशेस नेली तर ती मुळी चोरीच नव्हे, विश्वासाने सोपवलेल्या मालाचा अपहार, कलम ३१६, पोटकलम ३. आणि परक्याने रात्री पत्रा उचकटून नेली तर ३३१ व ३०५ ही जोडगोळी. गाठ तीच, तिच्यातल्या साड्यांचा रंगही तोच, तथापि तिचे नाव नेणाराच्या पगारपत्रकावर अवलंबून. याहून मौजेचा प्रकार म्हणजे राखणदारास धाक दाखवून माल नेण्याचा. नेणारे चौघे असतील तर ती जबरी चोरी, तिला एरवी दहा वर्षांपर्यंत शिक्षा. पाचवा मनुष्य सामील झाला, मग तो मदतीच्या इराद्याने नुसता टेंपोच्या सुकाणूवर बसून का असेना, की तोच दरोडा, आणि पाचही जणांना आजन्म कारावासापर्यंत शिक्षा होऊ शकते. हिशेबनीसांच्या या गावात पाचव्या मनुष्याचा खर्च कोणी नीट मांडून पाहत नाही याचे मला नेहमी आश्चर्य वाटत आलेले आहे. दरोड्याला पुरेसा शब्द इंग्रजीत नव्हता, म्हणून इंग्रजांनी आपल्याकडचा डकैत उचलून त्याची 'डकॉयटी' केली. हा शब्द त्यांनी संमतीने नेला किंवा कसे, याविषयी कागदपत्र मूक आहेत.

येथे आपल्या भाषा संचालनालयाच्या परिश्रमांचा गौरव केला पाहिजे. कायद्याच्या अधिकृत मराठीत अपहारास 'फौजदारीपात्र न्यासभंग' म्हणतात, चिथावणीस 'अपप्रेरणा' म्हणतात, आणि एखाद्याने दुसऱ्याच्या गोदामाच्या काचा हेतुपुरस्सर फोडल्या तर त्याने 'आगळीक' केली असे म्हणतात. यांपैकी 'आगळीक' हा शब्द मला अत्यंत प्रिय आहे. फौजदारीपात्र न्यासभंगाविषयी मात्र माझे मत प्रतिकूल आहे, कारण ज्याचा न्यास भंगला त्याला तो भंगल्याचे या शब्दावरून कळत नाही. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंडितांनी राज्यव्यवहारकोश सिद्ध केला आणि सुमारे १,४०० यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, त्याला साडेतीनशे वर्षे होत आली. तरीही फिर्याद, जबाब, जामीन, मुद्देमाल, हजर, फरार, इसम आणि मयत ही मंडळी पोलीस ठाण्यात आपापल्या जागी ठाण मांडून आहेत, आणि माझ्या अल्पमतीप्रमाणे त्यांना तेथून उठवू नये. ती लोकांना कळतात. 'मुद्देमालासह अटक' या शब्दांत जो भरीवपणा आहे तो दुसऱ्या कोणत्याही शब्दांनी येणार नाही. वाचताना टेंपोचे टायर दबल्याचे दिसते.

परंतु या सर्व शब्दसृष्टीत ज्याची दशा खरोखर करुण आहे, असा प्राणी म्हणजे पंच. जेथे गुन्हा घडला अथवा माल सापडला तेथे पंचनामा व्हावा लागतो, त्यास दोन प्रतिष्ठित पंच लागतात, आणि रात्री अकरा वाजता गोदामांच्या ओळीत जो कोणी जागा असतो त्यालाच प्रतिष्ठित समजण्याची वहिवाट आहे. बहुधा तो टपरीवाला असतो. तो गॅस बंद करून येतो, कुलूप तुटलेले पाहतो, साहेब सांगतील तेथे सही करतो, साहेबांसाठी चहा पाठवतो आणि झोपी जातो. मध्ये कित्येक वर्षे लोटतात. टपरी जाते, तिच्या जागी मोबाइलचे दुकान होते, मेट्रो पाचच्या मार्गिकेचे खांब उभे राहून त्या स्थानकास पूर्णा असे नावही ठरते, आणि एके दिवशी समन्स येते. पंच धुतलेला सदरा घालून भिवंडीच्या न्यायालयात उभा राहतो. सरकारी वकील विचारतात, कुलूप कोणत्या कंपनीचे होते? तो आठवू लागतो. कडी डाव्या बाजूस होती की उजव्या? तो प्रामाणिकपणे सांगतो की, आता ध्यानात नाही. तत्काळ सरकारी वकील न्यायासनास विनंती करतात की, साक्षीदार फितूर झाला आहे, त्याची उलटतपासणी घेण्याची परवानगी मिळावी.

फितूर! इंग्रजीत त्यास होस्टाईल म्हणतात आणि तेही काही सौम्य नव्हे. परंतु मराठी मनुष्याच्या कानात फितूर या शब्दाबरोबर रात्री गडाचा दरवाजा आतून उघडून देणाऱ्या किल्लेदारांची रांगच्या रांग उभी राहते. ज्याने आयुष्यात कोणाचा चहाचा हिशेबसुद्धा चुकवला नाही, तो गृहस्थ कुलपाचा छाप न आठवल्यामुळे एका दुपारी त्या रांगेत जाऊन बसतो, आणि संध्याकाळी घरी आल्यावर बायको विचारते, "काय झालं हो कोर्टात?" तेव्हा त्याला काय उत्तर द्यावे हे सुचत नाही. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती व जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करणे आवश्यक केले आहे. त्यामुळे यापुढे कुलपाचा छाप चित्रफितीत दिसेल आणि पंचांची अब्रू थोडीबहुत वाचेल, अशी आशा आहे. मात्र रात्री अकरा वाजता उजेड पुरेसा असला पाहिजे.

कलमांचे आकडे बदलल्यामुळे चारशेवीस हे बिरुद बेवारस झाले, यावर सर्वांचे विनोद करून झालेले आहेत, सबब मी ते वाढवीत नाही. एवढेच नमूद करतो की, १ जुलै २०२४ पूर्वीच्या गुन्ह्यांचे खटले जुन्या आकड्यांनीच चालू आहेत, त्यामुळे भिवंडीच्या वकिलास सध्या एका खिशात खुनाचे जुने तीनशेदोन आणि दुसऱ्यात नवे एकशेतीन ठेवून हिंडावे लागते. या धामधुमीत एकच आकडा अढळ राहिला, तो एकशेअडतीस, म्हणजे न वटलेल्या धनादेशाचा. तो १८८१ सालच्या परक्राम्य संलेख अधिनियमातला असल्याने त्यास कोणी हात लावला नाही, आणि यंत्रमागांच्या व गोदामांच्या तालुक्यात उधारी हा व्यवहाराचा प्राण असल्याने 'त्याच्यावर वन थर्टी एट टाकली' हे वाक्य यापुढेही कुशल विचारल्याप्रमाणे ऐकू येत राहील.

फौजदारीपेक्षा दिवाणी शब्दांची ऐट निराळी. गोदामाचे भाडे सुरू झाले की भावाभावांस आजोबांच्या वाटणीची आठवण होते, आणि ज्या दिवशी दावा दाखल होतो त्या दिवसापासून घरात 'स्टे' नावाचे एक नवे माणूस वावरू लागते. स्टे आणावा लागतो, तो मिळतो, तो उठतो, तो पुन्हा आणावा लागतो, बाजारातून मासळी आणावी तशा सहजतेने धाकटा भाऊ सांगतो, "आम्ही स्टे आनला." दाव्यात मनाई हुकमाचा अर्ज निशाणी पाचवर नोंदवण्याची आपल्याकडे रीत आहे, म्हणून त्यास नुसते 'एक्झिबिट फाइव्ह' म्हणतात, आणि वादी कोण, प्रतिवादी कोण, जमीन किती हे ज्याला सांगता येत नाही अशा घरच्या म्हातारीलाही एक्झिबिट फाइव्ह नामंजूर झाल्याचे माहीत असते. १९९८ सालापासून जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. परंतु प्रकरण जसजसे वर चढते तसतशी मराठी विरळ होत जाते, आणि उच्च न्यायालयात तर राज्यघटनेच्या ३४८व्या अनुच्छेदाप्रमाणे इंग्रजीच चालते. तेथे पूर्णा गावचा पक्षकार मागच्या बाकावर बसून आपल्याच शेताविषयी चाललेले संभाषण परक्याच्या लग्नातील मंगलाष्टकांप्रमाणे आदराने ऐकतो, आणि वकील बाहेर येऊन "अपील ॲडमिट झालं" असे म्हणाले की घरी दूरध्वनी करतो. घरचे लोक विचारतात, "कुठल्या हॉस्पिटलात?"

परभाषेत न्याय मागण्याचा हा प्रसंग आपल्यावरच आला असे समजून कोणी खट्टू होऊ नये. खुद्द इंग्लंडातील न्यायालये नॉर्मन विजेत्यांची फ्रेंच बोलत होती, आणि लोकांना त्यातले अक्षर कळत नाही अशी तक्रार झाल्यावर १३६२ साली खटले इंग्रजीत चालवावेत असा कायदा झाला. तो कायदा फ्रेंचमध्ये लिहिलेला आहे. जज, ज्युरी, बेल, पॅरोल हे आमच्या टपरीवर खणखणणारे सारे शब्द इंग्रजाने फ्रेंचांकडून घेतले, आणि 'लॉ' हा मूळ शब्द तर उत्तरेकडच्या दर्यावर्द्यांकडून. त्याच दर्यावर्द्यांपैकी जे आइसलँडात जाऊन राहिले त्यांनी सन ९३० मध्ये लोकसभा भरवली, आणि कायदा लिहिलेला नसल्यामुळे एक विधिवक्ता नेमला, जो दरवर्षी एका खडकावर उभा राहून एक-तृतीयांश कायदा तोंडपाठ म्हणून दाखवी. तीन वर्षांत कायदा पुरा होई. आमच्या टपरीवर असे तीन विधिवक्ते आहेत आणि ते कायदा दररोज पुरा करतात. त्या बेटावर गुन्हेगारास तीन वर्षे देशाबाहेर घालवीत असत. आमच्याकडे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली हद्दपारी दोन वर्षांहून अधिक करता येत नाही. तिला लोक तडीपारी म्हणतात, आणि तडीपार झालेला मनुष्य बहुधा जिल्ह्याबाहेरच्या सासुरवाडीस जाऊन राहतो. आइसलँडात अशा हद्दपारीविरुद्ध कोणी अपील करीत असे की नाही हे ठाऊक नाही. आमच्याकडे सासुरवाडीत थोडे दिवस काढले की करतात.

आता वाचकांस एक विनंती. कधी काळी आपल्यावर पोलीस ठाण्याच्या त्या मेजासमोर बसण्याचा प्रसंग आलाच, तर आपण काय सांगितले आणि काय टंकलिखित झाले, यांची गाठ घालून दिल्याशिवाय सही करू नका. लिहिलेली खबर फिर्यादीस वाचून दाखवली पाहिजे आणि तिची प्रत त्यास विनामूल्य दिली पाहिजे, असे नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३व्या कलमात आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही होते. ती प्रत मागून घ्या, घरी मोठ्याने वाचा, आणि त्यातला अज्ञात इसम आपल्या ओळखीचा निघाला तर दुसऱ्या दिवशी जाऊन तसे सांगा.